सेकंड लाइफ, ब्राउझरच्या एका टॅबमध्ये

सेकंड लाइफ या आभासी जगात नकाशावर एखादा माणूस कुठे उभा आहे, हे कळवायला तीन बाइट पुरतात. एक बाइट पूर्व-पश्चिम दिशेसाठी, एक दक्षिण-उत्तर दिशेसाठी आणि एक उंचीसाठी. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. तिथल्या जमिनीचा प्रत्येक तुकडा, ज्याला ‘रीजन’ म्हणतात, बरोबर २५६ मीटर लांब आणि २५६ मीटर रुंद असतो, म्हणून मीटरच्या हिशेबात एक बाइट चपखल बसतो. उंचीचा आकडा चाराने गुणून घ्यायचा असतो. त्यामुळे उंची चार-चार मीटरच्या टप्प्यांनीच कळते, आणि १०२० मीटरच्या वर कोणी तरंगत असेल तर ती या संदेशातून कळत नाही. सोबत त्या व्यक्तीचा १६ बाइटांचा ओळख क्रमांक येतो. झाले एकूण १९ बाइट.

आता त्याच रीजनमधल्या एका भिंतीकडे पाहू. भिंतीवर विटांचे चित्र चिकटवले आहे, १०२४ ठिपके लांब आणि १०२४ ठिपके रुंद. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला चार बाइट लागतात, म्हणजे ग्राफिक कार्डाच्या मेमरीत हे चित्र उलगडले की ते ४ एमबी जागा घेते. तेवढ्याच जागेत दोन लाखांहून जास्त माणसांचे ठावठिकाणे मावले असते. आणि भिंत काही एकच नसते. घर असते, घरात फर्निचर असते, समोर झाडे असतात, झाडांखाली उभ्या असलेल्या माणसांचे कपडे, केस, दागिने असतात, आणि प्रत्येकावर असली चित्रे.

आभासी जगात असणे स्वस्त आहे, दिसणे महाग आहे. जुना लॅपटॉप, कचेरीतला कुलूपबंद संगणक किंवा साधा मोबाइल हातात असलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या जगात शिरता येते ते याच तफावतीमुळे. तो दिसण्याचा खर्च सोडून देतो आणि असण्याचा तेवढा उचलतो.

सेकंड लाइफ सान फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २३ जून २००३ रोजी लोकांसाठी खुले केले. फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये ही कंपनी काढली होती. यात पार करायच्या पातळ्या नाहीत, मारायचे शत्रू नाहीत, जिंकणे-हरणे नाही. आत येणाऱ्याला ‘रहिवासी’ म्हणतात, आणि तिथली घरे, कपडे, वाहने, झाडे, नाचाच्या हालचाली, सगळे या रहिवाशांनीच बनवलेले आहे. ते एकमेकांना लिंडन डॉलर या तिथल्या चलनात विकतात, जमीन भाड्याने देतात, मैफली भरवतात, वर्ग घेतात. वीस वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे.

रहिवाशांनी सगळे बनवले, हीच या जगाची श्रीमंती आणि हेच त्याचे ओझे. नेहमीच्या गेममध्ये कंपनीचे कलाकार प्रत्येक वस्तू तासून, छाटून हलकी करतात आणि ती आधीच तुमच्या संगणकावर उतरवून ठेवतात. सेकंड लाइफमध्ये आधी काहीच उतरवलेले नसते. तुम्ही एखाद्या बाजारात पोचलात की त्या क्षणी तिथल्या वस्तू इंटरनेटवरून यायला लागतात, आणि त्या कोणी तासलेल्या असतीलच असे नाही. २०११ मध्ये बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले त्रिमित आकार, म्हणजे मेश, आत आणायची सोय झाली, तेव्हापासून तर हौशी कारागिराने केलेल्या कानातल्या कुड्यांना अख्ख्या घरापेक्षा जास्त त्रिकोण असू शकतात. हे सगळे ओढून आणून पडद्यावर उभे करायचे काम ‘व्ह्यूअर’ नावाचा प्रोग्रॅम करतो. तो डाउनलोड करून बसवावा लागतो, आणि गर्दीच्या ठिकाणी चांगल्या ग्राफिक कार्डाचाही घाम काढतो.

पण हा व्ह्यूअर म्हणजे ते जग नव्हे. जग असते सर्व्हरवर. प्रत्येक रीजनसाठी ‘सिम्युलेटर’ नावाचा एक प्रोग्रॅम तिकडे सतत चालू असतो. कोणती वस्तू कुठे आहे, कोण कुणाला धडकले, कोणत्या दाराची स्क्रिप्ट चालायला हवी, कोणाचे बोलणे कुणाला ऐकू जाईल, हे सगळे तोच ठरवतो. साधे बोलणे २० मीटरपर्यंत ऐकू जाते, कुजबूज १० मीटर, ओरडणे १०० मीटर. हे अंतर तुमचा संगणक मोजत नाही, सिम्युलेटर मोजतो. चालण्याचेही तेच. तुम्ही पुढे जायची कळ दाबता तेव्हा व्ह्यूअर फक्त ‘पुढची कळ दाबलेली आहे’ एवढे कळवतो. पाऊल टाकणे, पायरीवर चढणे, भिंतीला अडणे हे सर्व्हरवर घडते आणि नवी जागा तुम्हाला परत कळवली जाते. म्हणजे डोळे मिटूनही चालता येते. चित्र न काढणारा प्रोग्रॅमही तुमच्या अवताराला, म्हणजे आतल्या तुमच्या रूपाला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊ शकतो, आणि तिथे हजर असलेल्या बाकीच्यांना तो नेहमीसारखाच चालताना दिसतो.

आत शिरण्याचा विधीही पाहण्यासारखा आहे. क्लायंट, म्हणजे तुमच्या बाजूचा प्रोग्रॅम, आधी लॉगइन सर्व्हरकडे नाव आणि पासवर्डचा एमडी५ हॅश, म्हणजे पासवर्डपासून हिशेबाने काढलेला ठसा, पाठवतो. उत्तरात त्याला तुमच्या सत्राचा क्रमांक, ज्या सिम्युलेटरवर जायचे त्याचा आयपी पत्ता आणि पोर्ट, आणि ‘सर्किट कोड’ नावाचा एक आकडा मिळतो. मग क्लायंट त्या पत्त्यावर एक छोटासा संदेश टाकतो: हा माझा सर्किट कोड. पाठोपाठ दुसरा: मी पोचलो. सिम्युलेटर रीजनचे नाव आणि माहिती पाठवतो, क्लायंट पोच देतो, आणि तुम्ही आत उभे असता. त्यानंतर सिम्युलेटर थोड्या थोड्या वेळाने ‘आहेस ना?’ अशी विचारणा करत राहतो. तिला उत्तर गेले नाही तर काही वेळाने तुम्हाला बाहेर काढतो. हा सारा व्यवहार काही केबींचा असतो. आपल्याला किती लांबवर पाहायचे आहे, हेही क्लायंट सिम्युलेटरला सांगत असतो. ते अंतर कमी सांगितले की सिम्युलेटर वस्तूंची माहितीही कमी पाठवतो. विटांची चित्रे तर मागितल्याशिवाय येतच नाहीत.

मग हे काम ब्राउझरमधून थेट का करू नये? अडचण अशी की सिम्युलेटरशी होणारे हे बोलणे मुख्यतः यूडीपी या पद्धतीने चालते. तिच्यात पाकिटे भराभर सोडायची असतात. एखादे हरवले किंवा मागेपुढे पोचले तरी त्यासाठी बाकीची थांबत नाहीत. माणसाची अर्ध्या सेकंदापूर्वीची जागा उशिरा मिळून काय उपयोग, नवीच मिळालेली बरी. ब्राउझर मात्र एखाद्या वेबपानाला असे सुटे यूडीपी पाकीट हव्या त्या पत्त्यावर टाकू देत नाही, आणि ते योग्यच आहे. तसे करू दिले असते तर कुठलेही पान उघडताच ते तुमच्या घरातल्या राउटरशी किंवा कचेरीतल्या प्रिंटरशी परस्पर बोलायला लागले असते. शिवाय एका संकेतस्थळाच्या पानाने दुसऱ्याच्या सर्व्हरकडून परवानगीशिवाय उत्तर वाचू नये, हाही ब्राउझरचा नियम आहे. लॉगइन सर्व्हर परक्या पानांना तशी परवानगी देत नाही.

म्हणून मध्ये एक सर्व्हर लागतो. तो एका बाजूने सेकंड लाइफशी यूडीपीत बोलतो आणि दुसऱ्या बाजूने तुमच्या ब्राउझरशी वेबच्या भाषेत. सेकंड लाइफच्या दृष्टीने क्लायंट म्हणजे तो मधला सर्व्हर. तुमचा ब्राउझर हा त्याचा पडदा आणि कळफलक.

हे करून दाखवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न २००७ सालचा. त्याच्या आदल्या वर्षी काही प्रोग्रॅमरांनी व्ह्यूअर आणि सर्व्हर यांच्यातली पाकिटे तपासून, त्यांचा अर्थ लावून ‘लिबसेकंडलाइफ’ हा कोडसंच तयार करायला घेतला होता. जानेवारी २००७ मध्ये लिंडन लॅबने व्ह्यूअरचा कोडच सगळ्यांसाठी खुला केला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका शाळकरी मुलीने लिबसेकंडलाइफ वापरून ‘एजॅक्सलाइफ’ लिहिले. काही बसवायचे नाही, पत्ता टाकायचा, लॉगइन करायचे, आणि ब्राउझरच्या पानातल्या छोट्या छोट्या चौकटींमधून गप्पा, खासगी संदेश, मित्रांची यादी, नकाशा, आपले सामान आणि टेलिपोर्ट. त्रिमित चित्र अजिबात नव्हते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला दुवा सतत उघडा ठेवणाऱ्या वेबसॉकेटचे मानक २०११ च्या अखेरीस आले आणि ब्राउझरमध्ये त्रिमित चित्र काढणारे वेबजीएलही २०११ चेच. त्याआधी चार वर्षे, ब्राउझरने पुन्हा पुन्हा ‘काही नवे आहे का?’ असे विचारण्याच्या तंत्रावर तिने हे उभे केले. मला या मुलीच्या तंत्रज्ञानापेक्षाही तिच्या निवडीचे कौतुक वाटते. एवढ्या मोठ्या जगातून काय उचलायचे आणि काय सोडून द्यायचे, हे तिने अचूक ओळखले होते. पुढच्या बहुतेक हलक्या क्लायंटांनी जवळजवळ तीच यादी ठेवली: संगणकावर चालणारा मजकुरी क्लायंट रॅडेगास्ट, अँड्रॉइडवरचा लुमिया, आणि ब्राउझरमध्ये चालणारा स्पीडलाइट.

अशा टॅबमध्ये प्रत्यक्ष काय दिसते? एका बाजूला रीजनचे नाव आणि तुमची जागा, समजा १२८, १२८, २२. खाली गप्पांची पट्टी. दुसऱ्या बाजूला जवळच्यांची यादी, प्रत्येक नावापुढे अंतर: ४ मी, ११ मी, १७ मी, ६३ मी. पहिले तिघे तुमचे साधे बोलणे ऐकू शकतात, चौथा नाही. यादीतला आकडा ६३ वरून ४०, ४० वरून २२ झाला की कोणीतरी तुमच्याकडे येत आहे हे कळते. ज्यांनी लहानपणी रेडिओवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी धावते समालोचन ऐकले आहे, त्यांना मैदान न पाहता सामना कळणे म्हणजे काय हे सांगायला नको. चेंडू कुठे गेला हे सांगणारे चार शब्द पुरत, बाकीचे मैदान ऐकणारा स्वतः उभे करी. इथे ते चार शब्द म्हणजे नाव, अंतर आणि बोलणे.

लोक याचा उपयोग काय करतात, याला अगदी व्यवहारी उत्तर आहे. सेकंड लाइफमध्ये दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाइकाचे निरोप येत असतात, जमीन भाड्याने देणाऱ्याला भाडेकरूंचे. तुम्ही आत नसताना आलेले संदेश साठवायला मर्यादा असते. एक काळ असा होता की ती १५ होती, आणि त्यापुढचे आतल्या आत मिळत नसत. त्यामुळे दुकानदार आपल्या प्रोफाइलवर लिहून ठेवत की मला संदेश पाठवू नका, नोटकार्ड, म्हणजे मजकुराची चिठ्ठी, पाठवा. दिवसभर नोकरीच्या ठिकाणी असणाऱ्याला दुपारी पाच मिनिटे टॅब उघडून चार निरोपांना उत्तर देता आले तर व्ह्यूअर चालू करायची गरजच काय? नाचायचे, घर बांधायचे, फोटो काढायचे तर पूर्ण व्ह्यूअर हवाच. पण या जगात घालवलेला बराच वेळ बोलण्यात जातो, आणि बोलायला चित्र लागत नाही.

मराठीत बोलणाऱ्याला ब्राउझरचा एक फायदा आणखी आहे. तिथे अक्षरे ब्राउझर स्वतः काढतो, म्हणून जोडाक्षरे, वेलांट्या, रफार जिथल्या तिथे बसतात. मात्र एका संदेशात १०२३ बाइटांपेक्षा जास्त मजकूर जात नाही, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नमस्कार’ लिहिले की स आणि क यांच्यामधला हलंत आणि पुढचा काना धरून सात चिन्हे होतात, म्हणजे २१ बाइट. एका संदेशात देवनागरीची साधारण ३४० चिन्हे मावतात, इंग्रजीच्या एक तृतीयांश. गप्पांना तेवढी पुरतात. लांब काही सांगायचे तर दोन तुकड्यांत सांगावे लागते.

हलक्या क्लायंटने येणाऱ्याला पूर्वी एक वेगळीच किंमत मोजावी लागे. अवताराची त्वचा, त्यावरचा सदरा, त्यावरचे जाकीट असे थर एकत्र करून एकच चित्र बनवण्याला ‘बेकिंग’ म्हणतात. २०१३ पर्यंत हे काम प्रत्येकाच्या स्वतःच्या व्ह्यूअरने करायचे आणि तयार चित्र सर्व्हरला पाठवायचे अशी पद्धत होती. जो क्लायंट चित्र काढतच नाही, तो हे कुठून करणार? त्यामुळे मजकुरी क्लायंटमधून आलेला माणूस इतरांना पुष्कळदा अवतार म्हणून दिसतच नसे, त्याच्या जागी धुराचा एक ढग तरंगत असे. गप्पांत तो हजर, सभेत त्याचे मत, आणि जागेवर ढग. त्याने पैसे मोजून घेतलेले कपडे त्याच्या सामानात असत आणि कोणाला दिसत नसत. २०१३ मध्ये लिंडन लॅबने बेकिंग सर्व्हरवर नेले. त्या बदलाची कारणे वेगळी होती, अवतार नीट न दिसण्याची सर्वांचीच तक्रार होती, पण त्याचा मोठा लाभ हलक्या क्लायंटवाल्यांना झाला. आता टॅबमधून आलेला माणूसही शेजाऱ्याला नीट कपड्यांत, नीट चेहऱ्याने दिसतो. त्याला स्वतःला काही दिसत नसले तरी त्याचे दिसणे शाबूत राहते. सभेला बसलेल्या माणसासाठी ही साधी गोष्ट नाही.

ज्यांना पडद्यावरचे चित्र कधीच दिसणार नाही, अशा लोकांसाठी हाच मार्ग अधिक महत्त्वाचा ठरला. अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाच्या रीनो इथल्या संशोधकांनी ‘टेक्स्टएसएल’ नावाचा क्लायंट बनवला आणि २००९ मध्ये त्यावर निबंध सादर केला. जुन्या मजकुरी साहस-खेळांसारखा तो आज्ञांवर चालतो. ‘वर्णन कर’ म्हटले की आसपास काय आहे ते शब्दांत सांगतो, अमक्याकडे ने म्हटले की नेतो, आणि स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. रॅडेगास्टलाही बोलून दाखवणारी जोड आहे. पण इथे एक खाच लागली. सेकंड लाइफमध्ये नवी वस्तू बनवली की तिचे नाव आपोआप ‘ऑब्जेक्ट’ असे पडते, आणि पुष्कळ बनवणारे ते बदलत नाहीत. डोळ्यांनी पाहणाऱ्याला समोर खुर्ची दिसते, त्याचे काही अडत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ऐकू येते: ऑब्जेक्ट, ऑब्जेक्ट, ऑब्जेक्ट. खुर्ची कुठली, कारंजे कुठले आणि दार कुठले हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. कितीही चांगला क्लायंट लिहिला तरी हे तो दुरुस्त करू शकत नाही. ते खुर्ची बनवणाऱ्याच्याच हातात आहे, आणि त्याला ‘लाकडी खुर्ची’ एवढे दोन शब्द टाइप करायचे असतात. मला वाटते, आभासी जगात काही बांधणाऱ्या प्रत्येकाने आपले एक रीजन कधीतरी फक्त मजकुरातून फिरून पाहावे.

चित्र वजा केल्यावर काय उरते, हा प्रश्न या क्षेत्रात नवा नाही. लुकासफिल्मने १९८६ मध्ये ‘हॅबिटॅट’ हे जग कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी उभे केले, तेही टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या ३०० बॉडच्या मोडेमवर. सेकंदाला तीसेक अक्षरे एवढीच त्या मोडेमची धाव. त्याचे कर्ते चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी १९९० मध्ये आपल्या अनुभवाचा जो निबंध लिहिला, त्यात त्यांचे प्रतिपादन असे होते की अशा जगाचे स्वरूप त्यामागच्या तंत्रज्ञानापेक्षा आत वावरणाऱ्या माणसांच्या परस्पर व्यवहारांनी जास्त ठरते. त्याही आधी, १९७८ मध्ये, एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हे संपूर्ण मजकुरी जग लिहायला घेतले होते. ब्राउझरमधला मजकुरी क्लायंट म्हणजे सेकंड लाइफला त्याच्याच पूर्वजांच्या घरातून पाहणे आहे.

चित्रही हवे आणि संगणकही हलकाच हवा, असे म्हणणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे. दूरच्या एखाद्या ताकदवान संगणकावर पूर्ण व्ह्यूअर चालवायचा आणि त्याचा पडदा व्हिडिओ म्हणून तुमच्या ब्राउझरकडे पाठवायचा. तुमच्या कळा आणि माउस उलट दिशेने जातात. ऑनलाइव्ह या कंपनीने २०१४ मध्ये ‘एसएल गो’ या नावाने ही सेवा सुरू केली. टॅब्लेटवर पूर्ण सेकंड लाइफ दिसायला लागले. पण प्रत्येक माणसामागे तिकडे ग्राफिक कार्डाचा वाटा अडकून राहतो, त्याचे भाडे कोणीतरी द्यावे लागते. एप्रिल २०१५ अखेर ऑनलाइव्ह बंद झाली आणि तिच्यासोबत एसएल गोही. २०२४ मध्ये लिंडन लॅबने स्वतःच ‘प्रोजेक्ट झीरो’ या नावाने ब्राउझरमधून पूर्ण सेकंड लाइफ देण्याचा प्रयोग याच पद्धतीने हाती घेतला. कंपनीने हे स्वतः करण्याला अर्थ आहे, कारण नवा माणूस डाउनलोडच्या पायरीवरच परत फिरतो आणि ती पायरी काढून टाकायची तर चित्रासकट काढायला हवी.

आपल्याकडून पाहता या वाटेत दोन अडचणी आहेत. पहिली डेटाची. व्हिडिओला सेकंदाला ५ मेगाबिट धरले तर तासाला सव्वादोन जीबी होतात. रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल पॅकमध्ये चाळीस मिनिटे. मजकुरी क्लायंटला तेवढ्यात महिनाही काढता येईल. दुसरी अडचण अंतराची. लिंडन लॅबने २०२० मध्ये सगळे जग ॲमेझॉनच्या क्लाउडवर हलवले आणि सिम्युलेटर अमेरिकेच्या पश्चिम भागात, ओरेगॉनला आहेत. पुण्यापासून हे सरळ रेषेत सुमारे १२,७०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे जाऊन येऊन एक अष्टमांश सेकंद तरी लागणारच. प्रत्यक्षात केबली सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत राउटर असतात, म्हणून वेळ याच्या दीडपट-दुपटीपर्यंत जातो. गप्पा मारताना पाव सेकंदाने काही फरक पडत नाही. पण मान वळवल्यावर चित्र पाव सेकंदाने वळले तर डोके गरगरते. तुमच्या संगणकावरच्या व्ह्यूअरमध्ये मान वळवणे तिथल्या तिथे होते, ओरेगॉनला विचारायला जावे लागत नाही. व्हिडिओ पाठवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक वळणाला तिकडे जाऊन यावे लागते, निदान चित्र काढणारा संगणक जिथे असेल तिथपर्यंत तरी. तो मुंबईत असला तर गोष्ट वेगळी.

मधला तिसरा मार्गही आहे. ब्राउझरनेच वेबजीएल वापरून चित्र काढायचे, पण कामापुरते. इथे सेकंड लाइफची एक जुनी निवड मदतीला येते. तिथली चित्रे जेपीईजी २००० या प्रकारात ठेवलेली असतात. ब्राउझरांना हा प्रकार सहसा वाचता येत नाही, त्यासाठी वेगळा डिकोडर सोबत द्यावा लागतो, ही डोकेदुखी. पण त्यात फाइलच्या सुरुवातीलाच पूर्ण चित्राची छोटी, धूसर आवृत्ती असते. पहिले काही केबी आणून थांबले तरी भिंत विटांची आहे हे कळते. मोझिलाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘हब्ज’ने तर पहिल्यापासून ब्राउझरपुरतेच जग बांधले: दुवा पाठवा, उघडा, आत या. एका खोलीत पंचवीसेक माणसे, वस्तू मोजक्या आणि तासलेल्या. ३१ मे २०२४ रोजी मोझिलाने आपली सेवा बंद केली, कोड मात्र खुला असल्याने इतरांनी ते काम पुढे चालू ठेवले. हब्ज हलके होते, कारण ते हलके राहील अशा बेताने बांधले होते. सेकंड लाइफमध्ये वीस वर्षांचे लोकांचे सामान आधीच भरलेले आहे आणि ते कोणी फेकून देणार नाही. म्हणून तिथे हलकेपणा जगात आणता येत नाही, फक्त दारात आणता येतो.

या दाराबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मधला सर्व्हर तुमच्या वतीने लॉगइन करतो, म्हणजे तुमचा पासवर्ड त्याच्या हातात जातो. तिकडे फक्त हॅश जातो हे खरे, पण लॉगइन सर्व्हर हॅशच स्वीकारत असेल तर ज्याच्याकडे हॅश आहे त्याच्याकडे किल्ली आहे. त्याला तुमचे खासगी संदेश वाचता येऊ शकतात, तुमचे लिंडन डॉलर दुसऱ्याला देता येऊ शकतात. लिंडन लॅबने २०१० मध्ये बाहेरच्या क्लायंटांसाठी नियमावली केली, पण नियम अप्रामाणिक माणसाचा हात धरत नाहीत. सेकंड लाइफमधले जुने लोक यावर एक सोपा उपाय करतात. ते हलक्या क्लायंटसाठी वेगळा ‘ऑल्ट’, म्हणजे दुसरा अवतार ठेवतात, ज्याच्या खात्यात पैसे नाहीत आणि ज्याच्या नावावर जमीन नाही. दुकानाच्या निरोपांसाठी मूळ अवतारच लागत असेल तर मात्र क्लायंट कोण चालवतो, किती वर्षे चालवतो, हे विचारल्याशिवाय पासवर्ड टाकू नये.

याच रचनेचा दुसरा परिणाम असा की तुम्ही टॅब मिटला तरी मधला सर्व्हर ‘आहेस ना?’ला उत्तर देत राहू शकतो आणि तुमचा अवतार आत उभाच राहतो. संदेश हरवू नयेत म्हणून हे सोयीचे. पण त्याच तंत्राने दुकानात खोटी गर्दी उभी करता येते. म्हणून यंत्राने चालणाऱ्या अवतारांची तशी नोंद करावी, आणि त्यांची हजेरी जागेच्या वर्दळीत धरू नये, असा नियम आहे.

सेकंड लाइफचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लावलेले आहे. तिथल्या संध्याकाळी सातच्या मैफलीला उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात झालेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. मुंबई-पुण्यात ही कामावर जायची वेळ, हातात फोनच असण्याची. मैफलीतले गाणे सिम्युलेटरमधून येत नाही. गायक आपल्या घरून साध्या इंटरनेट रेडिओसारखा प्रवाह सोडतो, आणि जमिनीच्या मालकाने त्याचा पत्ता जमिनीच्या माहितीत टाकलेला असतो. क्लायंटला फक्त तो पत्ता मिळतो. ब्राउझर तो वाजवू शकतो, अट एवढीच की प्रवाह सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस पत्त्यावरचा असावा. पान सुरक्षित आणि प्रवाह साधा असेल तर ब्राउझर तो अडवतो, आणि जुने पुष्कळ प्रवाह साधेच आहेत. पत्ता ठीक असेल तर टॅबमध्ये गाणे वाजते, गप्पांत दाद देता येते, आणि गायकाच्या बक्षिसीच्या बरणीत काही लिंडन डॉलर टाकता येतात. रंगमंचावर तुमचा अवतार बाकीच्या श्रोत्यांबरोबर, तुम्ही शेवटी निवडलेल्या कपड्यांत, सगळ्यांना दिसत असतो.